वर न गेलेला धूर

हवेत दोष नाही, असं तुम्ही लिहिलंत. तीन शब्द, त्याखाली गोल शिक्का, आणि शिक्क्यावर चढलेली एक सही, जी कुणाच्या बापाला वाचता येणार नाही. तुम्ही ताईला पाहिलं नाहीत. तिच्या पाठीला नळी लावून ऐकलं नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या घरी जाताना ती जिन्याच्या वळणावर थांबते, आणि थांबल्याचं कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून वाकून चपलेचा पट्टा नीट केल्यासारखं करते. त्या चपलेला पट्टाच नाही, हे तुम्हाला कुठून ठाऊक असणार. तुम्ही कागद पाहिलात. सव्वीस वर्षं ती ज्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कढईपुढे उभी होती, तिथली हवा नियमाप्रमाणे मोजलेली होती, आकडे तक्त्यात बसत होते, म्हणजे तिच्या छातीत जे काय आहे ते तिनं घरून आणलं असणार. भरपाईचं प्रकरण बंद. अपील करायचं तर तीस दिवसांत. आणि एवढं करून तुम्ही त्या मोजणीच्या कागदाची प्रतही सोबत जोडलीत, आपण किती नेमके आहोत हे दाखवायला. त्या कागदाच्या तळाशी तिच्या धाकट्या भावाची सही होती.

हे सगळं तो मनातल्या मनात बोलत होता, कारण मोठ्यानं बोलावं असं समोर कुणी नव्हतं. समोर होता धूर वाहून नेणारा पत्र्याचा डक्ट, दोन वीत रुंद, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरून छताकडे गेलेला, हात लावला तर आतून कुणीतरी लांब श्वास सोडत असावं तसा थरथरणारा. तो शिडीच्या सहाव्या पायरीवर उभा होता. पत्राचा अठ्ठाविसावा दिवस होता. सकाळचे साडेनऊ झाले होते, खाली दोनशे माणसांच्या जेवणाची तयारी चालली होती, आणि तो एकोणीस वर्षं जे करत आला तेच करत होता: डक्टला पाडलेल्या भोकातून वाकड्या तोंडाची नळी आत सारायची, नळीचं तोंड वाऱ्याच्या बरोबर समोर धरायचं, आकडा स्थिर झाला की लिहायचा, बोटभर पुढं सरकायचं, पुन्हा थांबायचं. एका भोकातून दहा जागा. मग काटकोनातल्या दुसऱ्या भोकातून आणखी दहा. लोकांना वाटतं वारा म्हणजे वारा, आत शिरला आणि सुटला. पहिल्यांदा हे काम शिकला तेव्हा त्यालाही तसंच वाटायचं. मग त्यानं स्वतःच्या हातानं नळी पत्र्याच्या कडेपासून मध्यापर्यंत नेली, आणि त्याच्या अंगावर काटा आला होता. कडेला हवा जवळजवळ उभी होती. पत्र्याला चिकटून, भेदरल्यासारखी. तिथून आत बोटाबोटाला तिला धीर येत गेला, आणि मध्यावर ती अशी सुसाट होती की काटा टोकाला जाऊन आपटला. एकाच नळकांड्यात, एकाच क्षणी, इतकी वेगवेगळी चाल. बाहेरून पाहणाऱ्याला नुसता पत्रा. त्या दिवशी तो घरी चालत गेला होता, बस सोडून, आणि रस्त्यावरच्या माणसांकडे, दाराआड, भिंतीआड, गल्लीच्या तोंडाशी, अशा नजरेनं बघत गेला होता की जणू प्रत्येकाभोवती एक न दिसणारी नदी वाहतेय आणि ती मोजायची नळी आपल्या एकट्याच्याच खिशात आहे.

त्याहून कणांचं काम अवघड. धुरातले कण मोजायचे तर तो धूर थोडासा बाहेर ओढून घ्यावा लागतो, आणि तिथंच नवखी माणसं फसतात. त्याला शिकवणारा म्हातारा, ज्याला ऑफिसात सगळे फुंकणीमास्तर म्हणायचे, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा, तीही शिवी हासडून: वारा ज्या चालीनं येतोय त्याच चालीनं ओढ. हावरटासारखं जास्त ओढलंस तर हलके कण वळून तुझ्या नळीत घुसतील आणि जड आपल्या तोऱ्यात सरळ निघून जातील; मग तुझ्या कागदावर धूर असेल, पण तो धूर जगात कुठंच नसेल. बरोबर ओढलं की कण एका उभ्या डब्यात जायचे. डब्यात आठ चकत्या, एकीखाली एक, प्रत्येकीची भोकं वरचीपेक्षा बारीक. वरच्या चकतीवर तेलाचे थेंब, डोळ्यांना दिसणारे, पिवळे. त्याखाली तपकिरी. त्याखाली राखाडी साय. आणि शेवटची, आठवी चकती पाहावी तर स्वच्छ, काहीच नाही, फुंकर मारून परत वापरावी अशी. ती तराजूवर ठेवली की कळायचं. डोळ्यांना न दिसणारं वजन. फुंकणीमास्तर ती चकती चिमट्यात धरून खिडकीकडे करायचा आणि म्हणायचा, वरचे सात नाकात अडकतात, घशात अडकतात, हा आठवा कुणाच्या बापाचा नाही, हा थेट तळाला जातो. म्हातारा हे असं सांगायचा की ऐकणाऱ्यानं त्या कणाला नमस्कारच करावा. तो स्वतः खोकतच मेला.

चकत्यांचा निकाल दुसऱ्या दिवशी लागतो. म्हणून हल्ली सोबत एक छोटं यंत्र असतं, ते कण मोजून तिथल्या तिथं आकडा दाखवतं. त्या सकाळी ते शिडीच्या हँडलला टांगलेलं होतं. नियमाप्रमाणे कढई तापलेली होती, तेल पडलं होतं, कांदा पडला होता, आणि नियमाप्रमाणे त्यानं स्वयंपाकीणबाईंना सांगितलं होतं, बाई, पाच मिनिटं जरा बाजूला व्हा. हे नियमात आहे. मोजणी चालू असताना शेगडीसमोर कुणी उभं राहू नये. माणूस उभा असला की आकडा डळमळतो, आज एक उद्या एक, आणि डळमळणारा आकडा तक्त्यात बसत नाही. स्वयंपाकीण पन्नाशीची, बुटकी, खांद्यांनी दणकट बाई होती. ती बाजूला झाली, हात कमरेवर ठेवून उभी राहिली, दोन मिनिटं तिनं कळ काढली आणि मग सरळ पुढं येऊन दोन्ही हातांनी उलथनं धरून कांदा ढवळायला लागली. तो वरून म्हणाला, अजून तीन मिनिटं आहेत बाई. ती वरही न बघता म्हणाली की कांद्याला घड्याळ कळत नाही, आणि तो करपला तर वॉर्डातले पेशंट मोजणाऱ्या भाऊंच्या नावानं नाही, तिच्या नावानं बोटं मोडतील. तो काही तरी चिडून बोलणार होता. तेवढ्यात त्याची नजर यंत्रावर गेली.

आकडा पडला होता. थोडाथोडका नाही, पाचातला एक भाग. त्याला वाटलं बॅटरी गेली. पाहिलं, बॅटरी ठीक. वाटलं पंखा मंदावला. दुसऱ्या हातातल्या नळीवर पाहिलं, वारा तितकाच, तसूभर फरक नाही. तेवढीच हवा वर येत होती, आणि तिच्यात धूर कमी होता. कांदा तोच, तेल तेच, आच तीच. तो म्हणाला, बाई, परत बाजूला व्हा बघू. त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, ती मुकाट्यानं झाली. आकडा चढला. आता या. ती आली. आकडा उतरला. जा. चढला. या. उतरला. असं त्यानं सात वेळा केलं, आणि सातव्या वेळी स्वयंपाकीण म्हणाली, की भाऊ, लहानपणी विटीदांडू खेळायचा राहून गेला का तुमचा. तो हसला नाही. एकोणीस वर्षांत डक्टमध्ये धूर कमी भरला की तो बरं वाटून लिहायचा. तक्त्यात तो आकडा जितका खाली तितकं स्वयंपाकघर चांगलं. आणि इथं ती बाई पुढं आली की धूर कमी होत होता, म्हणजे कागद सुधारत होता. पण कढईतून तर तो तेवढाच निघत होता. मग वर न आलेला पाचवा भाग जात कुठं होता? हा प्रश्न इतका साधा होता, पाटीवरच्या वजाबाकीसारखा, की तो आपल्याला आजवर पडला नाही याचीच त्याला भीती वाटली.

भीती म्हणजे नुसती भीती नव्हे. शिडीवरून उतरताना त्याला ताईचं कॅन्टीन दिसत होतं. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. कामाच्या यादीत त्या कारखान्याचं नाव आलं तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी पाठवावं हे बरोबर होतं, पण ताईच मागे लागली, येच तू, सगळ्याजणींना दाखवते. तो यंत्रांच्या दोन पेट्या घेऊन आत शिरला तेव्हा कढईपुढून तिनं मान वळवून असं पाहिलं की सूर्य उगवावा. मैत्रिणींना म्हणाली, हा आमचा माप्या. लहानपणापासून घरातली फरशी मोजायचा, आईची वेणी मोजायचा, आता सरकार त्याला वारा मोजायला पाठवतं. बायका हसल्या. एकीनं विचारलं, वारा कशानं मोजतात, पट्टीनं का वाटीनं. आणि मग तो, कपाळावर आठी घालून, सगळ्यांसमोर आपण कुणी तरी आहोत हे दाखवायला थोडं जास्तच कोरडं करून म्हणाला होता, ताई, जरा बाजूला हो. ती झाली. कशी झाली. उलथनं उचलून, दोन पावलं मागं, लग्नात फोटोवाल्यानं सरकवलं की माणूस सरकतं तशी, हसत, कौतुकानं, भिंतीला पाठ लावून. आकडे सुरेख आले होते. त्यानं सही केली होती. जाताना तिनं त्याला बळंच चहा पाजला होता, आणि तो चहा पीत असताना ती परत कढईपुढं जाऊन उभी राहिली होती, आणि त्याची पाठ तिच्याकडे होती.

पेटीत लेझरचा दिवा होता. तो असतोच, पण वापरतं कोण. वाकडीतिकडी गळती शोधायला दिलेला, त्यातून प्रकाशाचा किरण न निघता पातळ पापुद्रा निघतो, काचेच्या तावासारखा, आणि त्या पापुद्र्यात जे कण येतील तेवढे चमकतात. त्यानं दिवा कढईच्या बाजूला ओट्यावर ठेवला, खिडक्यांवर कागद लावले, स्वयंपाकिणीला आपला काळा चष्मा दिला. ती म्हणाली, नटी दिसते का मी. त्यानं तिला कढईपुढं उभं केलं, कांद्याचा नवा घाणा टाकायला सांगितला, आणि दिवा लावला.

पुढचं त्याला नंतर कुणाला सांगता आलं नाही. ऑफिसात त्यानं सांगितलं ते वेगळं, ताईला सांगितलं ते वेगळं. जे पाहिलं ते शब्दांत मावलंच नाही. कढईतून हिरवा उजेड उठला. उठला म्हणजे उगवला. लाखो, कोट्यवधी ठिणग्या, आवाज नाही, धग नाही, एकेकीला आपापली वाट. जाड थेंब फटाक्यासारखे वीतभर उडून कमानीत परत कढईत पडत होते. मधले वर जाऊन चिमणीच्या ओठाशी वळताना बाहेर फेकले जात होते, पत्र्यावर टेकत होते, चिकटत होते. आणि त्यांच्या मधून, त्यांच्या गावीही नसल्यासारखा, बारीक धूर रेशमाच्या दुमडलेल्या ताग्यासारखा सरकत होता, घडीवर घडी, घडीत घडी, तुटत नव्हता, थकत नव्हता. आठव्या चकतीवर जे आजवर दिसलं नव्हतं ते हे. एकोणीस वर्षं तो ज्याचं वजन करत होता त्याचं तोंड तो पहिल्यांदा बघत होता. त्याला वाटलं आपण कुणाच्या तरी खासगी खोलीत शिरलोय, पायातले बूट काढायला हवेत. जगातल्या प्रत्येक कढईवर, प्रत्येक तव्यावर, आईच्या, आजीच्या, त्याहून मागच्या कुणाकुणाच्या विस्तवावर हे असंच फुलत आलंय, रोज, दोन वेळा, आणि कुणी पाहिलेलं नाही. ज्या बाया त्याच्या सगळ्यात जवळ उभ्या राहिल्या त्यांनीही नाही.

मग त्याला दिसलं की ते सगळंच वर जात नाहीये. चिमणी मागून हवा ओढत होती. ती हवा बाईच्या पाठीवर येऊन दोन्ही खांद्यांवरून फुटत होती, खडकावर नदी फुटते तशी, आणि खडकाच्या पुढच्या अंगाला जसं पाणी संथ भोवरा धरतं तशी बाईच्या आणि कढईच्या मध्ये एक जागा झाली होती, पोटापासून कपाळापर्यंत, जिथं वारा वरही जात नव्हता आणि मागंही. त्या जागेत धूर वळत होता. हळू. घाई नसलेला. वर जाता जाता मान वळवून परत येत होता आणि तिच्या हनुवटीखालून चढून तिच्या तोंडासमोर थांबत होता. थांबत होता हाच शब्द. बाईनं श्वास घेतला. हिरव्या रेशमाला दोन बारीक खळगे पडले, तिच्या नाकपुड्यांएवढे, आणि ठिणग्यांच्या दोन ओळी शिस्तीत आत गेल्या. तिनं श्वास सोडला. बाहेर आलेली हवा बरीचशी काळी होती, म्हणजे रिकामी, कण नसलेली. पुष्कळसा धूर परत आलाच नव्हता. पुन्हा घेतला, पुन्हा ओळी. तो मोजू लागला. मोजायची सवयच. मिनिटाला अठरा. त्यानं तिला बाजूला व्हायला सांगितलं, आणि ती सरकली तसा तो भोवरा एका झटक्यात मोडला, अख्खा तागा सरळ झाला, चिमणीत शिरला, जणू काही झालंच नाही. नियमातली हवा. स्थिर, सुरेख आकड्यांची हवा. माणूस नसलेली.

चष्मा परत देताना स्वयंपाकिणीनं विचारलं, सापडलं का काही. तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याला पाण्याचा पेला आणून दिला.

संध्याकाळी पाच वाजता तो ताईकडे गेला. ती खिडकीशी खुर्चीत बसली होती, पाठीला दोन उशा, मांडीवर निवडायला घेतलेली भाजी. ती आता बोलायची ती तुकड्यातुकड्यात, मध्ये थांबून, पण थांबण्याच्या जागा अशा निवडायची की वाटावं विचार करतेय. त्यानं पाहिलेलं सांगितलं. खडक, भोवरा, हनुवटी, नाकपुड्या. सांगता सांगता त्याचा आवाज चढत गेला. त्यात कौतुकच जास्त होतं आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. ताई देठं मोडत ऐकत होती. त्याचं सांगणं संपलं तेव्हा ती म्हणाली,

"हो. म्हणून तर सात मोजायचे."

त्याला कळलं नाही. मग तिनं ते सगळं सांगितलं, अगदी साध्या आवाजात, भाजी कशी चिरावी हे सांगावं तसं. कांदा टाकला की सात मोजायचे, तोवर श्वास घ्यायचा नाही. आठव्याला मान डावीकडे, खांद्यावरून घ्यायचा, की मागची हवा मिळते. मिरची असेल तर सात नव्हे, अकरा. समोर छाती करून उभं राहिलं की धूर अंगावर बसतो. तिरकं उभं राहावं, उजवी बाजू कढईला, डावा खांदा दाराला, म्हणजे तो वाट काढून निघून जातो. उंच बाईला त्रास कमी, तिचं नाक भोवऱ्याच्या वर राहतं. बुटकीला फळीवर उभं करावं. ही फळी तिनं कामाला लागल्यावर तिसऱ्या वर्षी स्वतः सुताराकडून करून घेतली होती. मोठी कढई असेल तेव्हा मात्र इलाज नाही, उलथनं दोन्ही हातांनी धरावं लागतं, मग छाती समोर आलीच. नव्या येणाऱ्या प्रत्येकीला ती पहिल्या दिवशी हे शिकवायची, मीठ किती हे शिकवायच्या आधी.

तो ऐकत राहिला. त्याच्याजवळ वाकड्या तोंडाची नळी होती, आठ चकत्यांचा डबा होता, हिरवा दिवा होता. आणि सातवीपर्यंत शिकलेल्या या बाईनं नुसत्या नाकानं आणि आकड्यांनी त्या न दिसणाऱ्या भोवऱ्याचा नकाशा काढला होता, त्याची उंची, त्याची रुंदी, तो किती वेळ टिकतो आणि कुठल्या कोनात मोडतो. तिनं तो कधी पाहिला नव्हता. तिला पाहायची गरजच पडली नव्हती. सकाळी लेझर लावल्यावर जसा काटा आला होता तसाच आत्ता आला, त्याहून मोठा. आपली मोठी बहीण आपल्याला कधी दिसलीच नाही, तिच्या भोवतीची हवा मोजायला जाऊनही.

"मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"विचारलंस कुठं?" ती म्हणाली. "तू म्हणालास, बाजूला हो. मी झाले."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिनं भाजीचं ताट खाली ठेवलं आणि थोडं थांबून म्हणाली की त्या दिवशी तो किती ऐटीत दिसत होता, सगळ्याजणी किती दिवस विचारत होत्या, तुझा वारेवाला भाऊ परत कधी येणार. मग तिला खोकला आला. तो तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि त्याच्या तळहाताला, डक्टला हात लावला की लागायचं तसं, काही तरी आतून घासत गेल्यासारखं लागलं. खोकला सरल्यावर तिनं विचारलं, अपिलाचं काय करायचं, सोडून देऊ या का. तिला पैसाबिसा नको होता, तसं तिनं आधीही सांगितलं होतं. तिला एवढंच हवं होतं की कागदावरून ते वाक्य जावं. तिनं हे घरून आणलं नाही. तिचं घर स्वच्छ होतं.

सोडून देणं सोपं होतं. अपील लढायचं तर नवा पुरावा लागत होता, आणि पुरावा एकच होता: त्या दिवशी मी मोजलं ते चुकीचं, असं मोजणाऱ्यानं लिहून देणं. आणि ते चुकीचं म्हटलं की त्याच रीतीनं मोजलेली बाकीची चारशे स्वयंपाकघरंही चुकीची, हॉटेलं, वसतिगृहं, शाळा, एक तुरुंग, सगळ्यांवर त्याचीच सही. त्याचा मोजणीचा परवाना जाणार हे नक्की. त्यापुढचं काय ते तुम्हालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात गेला, कुणी बोलावलेलं नसताना. स्वयंपाकिणीला म्हणाला, बाई, आज बाजूला होऊ नका. ताईनं सांगितलं तसं तिला तिरकं उभं केलं, उजवी बाजू कढईला, डावा खांदा दाराला, आणि शिडीवर चढला. आकडा चढला. बाई बाजूला झाल्यावर जितका असायचा त्याच्या अगदी जवळ जाऊन टेकला. छाती समोर, पाचवा भाग गायब. तिरकी, परत आला. कांदा टाकल्यावर भोवरा किती वेळ दाट राहतो तेही त्यानं घड्याळ लावून पाहिलं. साडेसहा सेकंद, कधी सात. तो शिडीवर उभा राहून हसायला लागला आणि मग हसता हसता त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि स्वयंपाकीण खालून म्हणाली की कांद्यानं होतं तसं, सवय नसली की.

दुपारी तो ऑफिसात साहेबांसमोर बसला. साहेब वाईट माणूस नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, वर ज्यांच्या सह्या वाचता येत नाहीत त्यांना घाबरणारा. त्यानं सगळं वाचलं. दोन दिवसांचे आकडे, लेझरचे फोटो, आणि शेवटचं पान, ज्यावर एवढंच होतं की सात वर्षांपूर्वी कॅन्टीनची मोजणी माझ्या हातची आहे, ती माणूस काढून केलेली आहे, म्हणून ती माणसाबद्दल काहीही सांगत नाही. साहेबानं पान उलटं करून ठेवलं. म्हणाला की फोटो फार सुंदर आहेत. मग म्हणाला, की तक्त्यात यासाठी रकाना नाही. मग, की स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस, सोबत आमच्याही. मग आवाज खाली आणून, अगदी समजुतीनं म्हणाला की तूच लिहिलंयस ना, तिरकं उभं राहिलं की धूर निघून जातो? झालं तर मग. एक परिपत्रक काढू. स्वयंपाक करणाऱ्यांनी तिरकं उभं राहावं. मोजणीही खरी, माणूसही सुरक्षित, कुणाला काही लागायला नको.

त्याला राग यायला हवा होता, आलाही, पण रागाच्या खाली ती हिरवी गोष्ट अजून वळत होती, शांत, घडीवर घडी, आणि तिच्यापुढं साहेब, टेबल, परिपत्रक हे सगळं पत्र्याच्या कडेला चिकटलेल्या हवेसारखं जागच्या जागी उभं वाटत होतं. त्यानं एक कोरा कागद घेतला. पट्टीनं चिमणी काढली, तिच्याखाली कढई, दोन हातांनी धरायच्या उलथन्याची लांबी बरोबर मापात, मागची भिंत, दार. मापात चूक होणं त्याला शक्यच नव्हतं. कागद त्यानं साहेबाकडे फिरवला आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली.

"अपिलाचा कागद मी सकाळीच दिलाय," तो म्हणाला. "तो आता माझ्याही हातात नाही आणि तुमच्याही नाही. हे दुसरं आहे. साहेब, दोनशे माणसांचा कांदा आहे. उलथनं दोन्ही हातांनी धरायचं, छाती समोर, श्वास चालू ठेवायचा, मिनिटाला अठरा. तुम्ही आम्हाला सांगता, मोजताना माणूस नको. ठीक. मग रांधताना तो कुठं असतो ते या कागदावर दाखवा. एक टिंब पुरे. वर ज्यांच्याकडे पाठवायचंय त्यांच्याकडे पाठवा, त्यांनी काढलं तरी चालेल, खाली वाचता येईल अशी सही पाहिजे. माझी बहीण कुठं उभी राहायला हवी होती?"